पॅरिसच्या सभेत तळगडाचं नाव कोण घेणार?

प्रश्न : जुलै २०२५मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आमच्या जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आले, तळगड नाही. पुरंदरच्या तहानंतर शिवाजी महाराजांकडे उरलेल्या बारा किल्ल्यांत तो होता, या बारांत मात्र नाही. हे ठरवणारी युनेस्कोची सभा नेमकी कोणती? तिथे मतदान होतं का, आणि आपल्या बाजूने कोण बोलतं?
— एक वाचक, तळा (जि. रायगड)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. आपल्या बाजूने आपलं कोणीच बोलत नाही. बोलायला परवानगीच नाही! ज्या देशाचा प्रस्ताव, त्या देशाच्या प्रतिनिधीने त्याची भलामण करायची नाही, विचारलं तर माहिती तेवढी द्यायची, असा तिथला नियम आहे.

आता सभा. युनेस्कोच्या नावाखाली या विषयात गल्लत होणाऱ्या तीन वेगवेगळ्या बैठका भरतात आणि बातम्यांत त्या तिन्ही ‘युनेस्को’ या एका शब्दात गुंडाळल्या जातात. सगळ्यात मोठी ती सर्वसाधारण परिषद. ती दोन वर्षांतून एकदा भरते, संस्थेचा कार्यक्रम आणि अंदाजपत्रक मंजूर करते, ५८ देशांचं कार्यकारी मंडळ निवडते आणि त्या मंडळाने सुचवलेल्या महासंचालकावर शिक्कामोर्तब करते. सहसा ती पॅरिसलाच असते, पण १९५६ साली ती दिल्लीत भरली होती. आजचं विज्ञान भवन त्याच परिषदेसाठी उभं राहिलं. २०२५ साली ती समरकंदला भरली. युनेस्कोत वर्गणी ऐपतीप्रमाणे, पण परिषदेत मत प्रत्येक देशाला एकच. भारताला एक आणि तुवालूसारख्या चिमुकल्या द्वीपदेशालाही एकच. हे केवळ कागदावरचं समजू नका. २०११ साली पॅलेस्टाइनला सदस्य करून घ्यायचं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा बाजूने १०७, विरोधात १४ आणि तटस्थ ५२ असा निकाल लागला. अंदाजपत्रकाचा पाचवा हिस्सा एकटी भरणारी अमेरिका त्या १४ जणांत होती. ती हरली आणि तिने पैसे बंद केले. पैसा ज्याचा त्याचं चालेल, असं तिथे निदान मतपेटीत तरी होत नाही.

पण ही परिषद किल्ल्यांचा विचार करत नाही. किल्ल्यांचा मामला १९७२च्या जागतिक वारसा कराराखाली येतो. या कराराला आज १९६ देश बांधील आहेत, भारत १९७७पासून. या देशांची वेगळी आमसभा असते आणि तीही दोन वर्षांनी भरते. तिचं काम आपल्याकडच्या पतपेढीच्या वार्षिक सभेसारखं आहे : कर्ज कोणाला द्यायचं ते सभासद ठरवत नाहीत, ते संचालक निवडतात. आमसभाही कुठला किल्ला घ्यायचा ते ठरवत नाही, ती २१ देशांची जागतिक वारसा समिती निवडते. थकबाकीदाराला निवडणूक लढवता येत नाही हा आपल्या ओळखीचा नियम तिथेही आहे. चालू आणि त्याआधीच्या वर्षाची वर्गणी थकवलेला देश समितीवर निवडून येऊ शकत नाही. ही वर्गणी किती असावी हेही आमसभाच ठरवते. युनेस्कोला जे द्यायचं त्याच्या एक टक्क्याच्या वर ती जाऊ शकत नाही.

निवडणूक गुप्त मतदानाने होते. उमेदवार देशांची यादी छापलेली मतपत्रिका मिळते आणि हव्या त्या नावांभोवती गोल करायचा. मतं शेवटी समसमानच राहिली तर अध्यक्ष चिठ्ठ्या टाकतात. एकाच खंडाची मक्तेदारी होऊ नये म्हणून जगाच्या प्रत्येक विभागाला काही जागा राखून ठेवल्या आहेत. करारात मुदत सहा वर्षांची असली तरी देश आपणहून चार वर्षांतच उठतात, आणि उठल्यावर सहा वर्षं पुन्हा उभं राहता येत नाही. पूर्वी काही देश खुर्चीला चिकटून बसत, त्यावरचा हा उतारा. भारत २०२१ ते २०२५ समितीवर होता, त्यामुळे आता काही वर्षं आपण बाहेर.

खरा निर्णय होतो तो या २१ जणांच्या खोलीत, दरवर्षी. २०२४ साली ही बैठक दिल्लीला भारत मंडपममध्ये झाली. ११ जुलै २०२५ला पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांच्या किल्ल्यांचा विषय निघाला तेव्हा चर्चा ५९ मिनिटं चालली आणि २०पैकी १८ देशांनी पाठिंबा दिला, असं आपल्या सरकारने जाहीर केलं. एकविसावा देश म्हणजे आपणच. प्रस्तावाला नकार, फेरविचार, काही माहितीसाठी परत पाठवणं किंवा मंजुरी असे चार रस्ते असतात. प्राचीन वास्तू आणि स्थळं यांचा अभ्यास करणारी इकोमॉस ही तज्ज्ञांची संस्था यांपैकी एक सुचवते. समितीला ते ऐकणं बंधनकारक नाही. सभागृहात एखादा देश दुरुस्ती मांडतो, दुसरे त्याला दुजोरा देतात आणि तज्ज्ञांच्या शेऱ्यापेक्षा वरचा निकाल लागतो, असं अलीकडे वारंवार घडतं. म्हणूनच बैठकीआधीच्या महिन्यांतल्या गाठीभेटींना एवढं महत्त्व. फेब्रुवारी २०२५मध्ये राज्याचे सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार शिष्टमंडळ घेऊन पॅरिसला गेले होते ते त्यासाठीच. हे राजकारण आहे का? आहे. पण तज्ज्ञांनी पाहणी करून दिलेला अहवाल समोर नसेल, तर नुसत्या ओळखीवर हे काम होत नाही.

आता तळगड. या प्रस्तावात ‘सर्वांत थोर बारा किल्ले’ असा हिशेब नव्हता. मराठ्यांनी वेगवेगळ्या भूभागाचा उपयोग कसा करून घेतला हे दाखवणारे नमुने निवडले होते. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड आणि जिंजी हे डोंगरी किल्ले, प्रतापगड दाट जंगलातला, पन्हाळा पठारावरचा, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, तर खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग पाण्यातले. डोंगरी किल्ल्यांच्या रांगेत सहाजण आधीच उभे होते. तळगडावर अन्याय झाला असं मला वाटत नाही, पण त्याची बाजू लंगडी होती असंही नाही. नमुने निवडायचे म्हटलं की शेकडो गड मागे राहणारच.

प्रश्न : मग पुढे कधी तळगडाचं नाव त्यात घालता येईल? आणि यादीत गेलेलं नाव काढतात का?
— वरीलच वाचक

उत्तर : घालता येतं. पण वारशाची व्याप्ती मोठ्या प्रमाणावर वाढवायची तर तो नवा प्रस्ताव धरला जातो. म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून : राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचा अभ्यास, मग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, केंद्राकडून १ फेब्रुवारीच्या आत पॅरिसला दस्तऐवज, इकोमॉसची पाहणी आणि वर्षभराहून जास्त थांबल्यावर समितीपुढे क्रमांक. एका देशाला वर्षाला एकच नाव पाठवता येतं, आणि त्या एका जागेसाठी अख्खा देश रांगेत आहे. कोकणातली कातळशिल्पंही प्राथमिक यादीत वाट पाहत आहेत. त्यामुळे खरं सांगायचं तर नजीकच्या काळात मला ते दिसत नाही.

नाव काढतात, क्वचित. ओमानचं एक अभयारण्य २००७मध्ये, जर्मनीतलं ड्रेस्डेन २००९मध्ये आणि इंग्लंडमधलं लिव्हरपूल २०२१मध्ये गळलं. लिव्हरपूलच्या वेळी गुप्त मतदान झालं. १३ बाजूने, ५ विरोधात आणि २ मतं बाद. कारण होतं बंदराच्या काठावर उठवलेल्या नव्या इमारती आणि फुटबॉलचं नवं मैदान. आपल्या बारांपैकी आठ किल्ले केंद्राच्या आणि चार (साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड) राज्याच्या ताब्यात आहेत. पायथ्याशी रोपवे, हॉटेल, रस्ता यांचा प्रत्येक बेत आता पॅरिसच्या नजरेखाली येणार, हे रायगडवाल्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

यादीबाहेरच्या वारशाचं मात्र वेगळं. तुमच्याच तालुक्यातली कुडा लेणी कुठल्याच जागतिक यादीत नाहीत. खडकात खोदलेली २६ लेणी आणि दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेख तिथे आहेत. त्यांना संरक्षण आहे ते आपल्याच देशाच्या कायद्याचं, आणि तो मोडला तर तक्रार पॅरिसला नव्हे, पुरातत्त्व खात्याकडे आणि मामलेदार कचेरीत करायची.

प्रश्न : दिवाळीलाही याच सभेने मान्यता दिली का?
— वरीलच वाचक

उत्तर : नाही. सण, नाच, कारागिरी यांचा करार वेगळा, २००३चा. त्याची आमसभा वेगळी आणि समितीही वेगळी, २४ देशांची. तिची बैठक डिसेंबर २०२५मध्ये दिल्लीला लाल किल्ल्यात झाली, तिथे दिवाळीचं नाव घेतलं गेलं.