कोवळी ज्वारी: अर्ध्या तासात बुडणारं भांडवल

दूधधंद्याचा खर्च आपण व्हिडिओत मांडला. आज खर्चाच्या वहीत न दिसणारी एक जोखीम बघू: ज्वारीची विषबाधा.

आधी हिशोब
समजा, गाय ८०,००० रुपयांची आहे. रोज १० लिटर दूध देते आणि सगळा खर्च जाऊन लिटरमागे १० रुपये सुटतात. म्हणजे दिवसाला १०० रुपये. ही गाय दगावली तर ८०० दिवसांची कमाई गेली. बँकेचा हप्ता मात्र चालूच!

होतं काय?
कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचा घटक असतो. जनावराने पान चावलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. मग रक्तात ऑक्सिजन असूनही शरीराला तो वापरता येत नाही. जनावर आतल्या आत गुदमरतं.

धोका कधी जास्त?
- फुलोऱ्याआधीचं कोवळं पीक
- पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी
- कापणीनंतर किंवा पाऊस पडल्यावर आलेले नवे फुटवे

नवे फुटवे हिरवेगार दिसतात. फुकटचा चारा म्हणून आपण जनावरं सोडतो आणि तिथेच फसतो. उपाशी जनावर भराभर खातं, म्हणून त्याला धोका जास्त.

ओळखायचं कसं?
धाप लागते, तोंडातून लाळ गळते, तोल जातो, जनावर कोसळतं. डोळ्यांच्या आतली कड सुरुवातीला लालभडक दिसते. कधी कधी काही मिनिटांतच खेळ संपतो.

लगेच काय करायचं?
चारा बंद करा, बाकीची जनावरं शेतातून बाहेर काढा आणि डॉक्टरांना फोन करताना "ज्वारी खाल्ली" हे आधी सांगा. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधं शिरेतून द्यावी लागतात. ते काम डॉक्टरांचंच. धाप लागलेल्या जनावराला काढा पाजत बसू नका, तो फुप्फुसात जाऊ शकतो.

टाळायचं कसं?
ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापा. कापलेला चारा नीट वाळवून किंवा मुरघास करून घाला, विषाचं प्रमाण बरंच कमी होतं. चरायला सोडण्याआधी थोडा सुका चारा द्या. आणि विमा काढलाय ना? मग कानातला बिल्ला जागेवर आहे का ते आजच तपासा. बिल्ला नसेल तर दावा अडकतो.

आजचा गृहपाठ: आपल्या आणि शेजारच्या बांधावर ज्वारीचे फुटवे कुठे आलेत ते फिरून बघा आणि जनावरं चारायला नेणाऱ्या माणसाला ती जागा दाखवून ठेवा. हे काम फुकटात होतं, गाय फुकटात येत नाही.