दिवाळे निघाले तरी आपले काय राहते?

धंद्यात नफा-तोटा अल्लाहच्या हाती आहे असे आपण म्हणतो. पण तोटा आला की सर्वांत आधी आपली अक्कल गहाण पडते. जो धनको दारात मोठ्याने ओरडतो त्याला शांत करण्यासाठी कारागीर आपली हत्यारे विकतो. हत्यारे गेली की मजुरी गेली आणि मजुरी गेली की उरलेले कर्ज फेडण्याची आशाही गेली. कर्जतहून कोंडिवड्याच्या वाटेने कोंडाण्यापर्यंत आणि इकडे नेरळ, खोपोली, खालापूरपर्यंत सुतारकाम, शिलाई, गवंडीकाम, वेल्डिंग किंवा किराणा करणारे आपले बांधव आहेत. अशा बांधवांनी नादारीचा कायदा निदान एकदा समजून घ्यावा, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

कोणता कायदा लागू होतो?

मुंबई शहरासाठी 1909 चा नादारी कायदा वेगळा आहे. रायगडसह बाकी महाराष्ट्राला 1920 चा प्रांतीय नादारी कायदा लागू आहे. 2016 च्या नव्या संहितेत व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग आहे. परंतु 1 डिसेंबर 2019 पासून तो लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींना. या नव्या नियमांतील दहा लाखांचे ग्रामीण घर, वीस लाखांचे शहरी घर आणि एक लाखाचे दागिने यांची सूट ऐकून साध्या दुकानदाराने ती आपल्यालाही मिळेल असे समजू नये.

आपल्या भागातील माणसाने अर्ज करायचा तो जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत. कर्ज फेडण्याची ऐपत नसावी, आणि त्याशिवाय एक तर ते पाचशे रुपयांहून कमी नसावे किंवा कर्जापायी अटक वा जप्ती झालेली असावी. न्यायालयाने नादार ठरवले की त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि ती विकून धनकोंना वाटली जाते. मात्र याच कायद्याचे कलम 28 सांगते की दिवाणी प्रक्रिया संहितेने जी वस्तू जप्तीतून वगळली आहे ती रिसीव्हरकडे जात नाही. म्हणजे खरी यादी पाहायची ती 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये.

एक उदाहरण

समजा, कोंडाण्याच्या एका सुतारभाईंनी फार्महाऊसच्या दारे-खिडक्यांची कामे अंगावर घेतली. गिऱ्हाइकांनी पैसे थकवले. आज त्यांच्यावर पतसंस्थेचे 3 लाख, वखारवाल्याचे 2 लाख, एका मित्राचे कर्जे-हसना 1 लाख आणि रंधा मशीनवर बँकेचे 80 हजार, असे एकूण 6 लाख 80 हजारांचे देणे आहे. आता त्यांच्या घरातील आणि दुकानातील एकेक वस्तू पाहू.

हत्यारे : करवत, हातरंधा, पटाशी, हातोडी, ड्रिल. कारागिराची हत्यारे कायद्याने वगळलेली आहेत. किमतीची मर्यादा घातलेली नाही. मुंबईच्या 1909 च्या कायद्यात मात्र हत्यारे, कपडे, भांडी आणि सामान मिळून फक्त तीनशे रुपयांपर्यंतच सूट आहे. शहरात धंदा करणाऱ्या बांधवांनी हा फरक ध्यानात ठेवावा. सूट आहे ती स्वतःच्या हाताने काम करणाऱ्याच्या हत्याराला. दहा माणसे लावून चालवलेल्या कारखान्याची यंत्रे म्हणजे भांडवल, ती सुटतील या भरवशावर राहू नये.

रंधा मशीन : हे बँकेकडे तारण आहे. तारण घेतलेल्या धनकोचा हक्क नादारीने जात नाही. हप्ते थकले तर बँक ते नेऊ शकते. मुद्रा कर्जावर घेतलेले शिलाई मशीन किंवा गहाण टाकलेले सोने, यांनाही हाच न्याय.

लाकूड, तयार माल आणि येणे बाकी : दुकानातील लाकडाचा साठा, विक्रीची दारे आणि गिऱ्हाइकांकडील उधारी रिसीव्हरकडे जाते. म्हणूनच निव्वळ व्यापाऱ्याच्या हाती कारागिरापेक्षा कमी उरते. त्याचा माल हेच त्याचे सर्वस्व आणि मालाला सूट नाही.

घरातील सामान : स्वतःचे, पत्नीचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. टीव्ही, फ्रीज, मोटारसायकल यांची नावे यादीत नाहीत.

विमा आणि भविष्य निर्वाह निधी : स्वतःच्या आयुर्विम्याचे पैसे, नोकरीतील भविष्य निर्वाह निधी आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीतील ठेव सुटते. बँकेतील मुदत ठेव सुटत नाही. मजुराची मजुरी सुटते. पगारदाराच्या पगारातील पहिले एक हजार रुपये आणि बाकीच्या पगाराचा दोन तृतीयांश भाग सुटतो.

घर : येथेच बहुतेकांची चूक होते. राहते घर सुटते ते शेतकऱ्याचे, मजुराचे किंवा घरगुती नोकराचे. व्यापाऱ्याचे घर या यादीत नाही. शेतकरी म्हणजे जो स्वतः जमीन कसतो आणि मुख्यतः शेतीच्याच उत्पन्नावर जगतो तो. त्याची अवजारे तसेच न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी जनावरे आणि बियाणेही सुटते. आपल्याकडे चार महिने भात आणि आठ महिने सुतारकाम करणारे पुष्कळ आहेत. त्यांची मुख्य उपजीविका कोणती, हे पुराव्यावर ठरेल. सातबारा, पीकपाहणी आणि भातविक्रीच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

वडिलांच्या नावचे घर

सुतारभाईंचे घर मरहूम वडिलांच्या नावावर आहे. आई, दोन भाऊ आणि एक बहीण असे वारस आहेत. आपल्या वारसा कायद्यात एकत्र कुटुंबाची मालमत्ता ही कल्पना नाही. वडिलांचे निधन होताच प्रत्येकाचा हिस्सा वेगळा ठरतो. घराचे 40 भाग केले तर आईचे 5, प्रत्येक भावाचे 14 आणि बहिणीचे 7. नादार झालेल्या भावाचे 14 भाग रिसीव्हरकडे जाऊ शकतात, उरलेले 26 भाग नव्हे. परंतु बहिणीचे नाव कधी लावलेच नसेल, तर तिचा हक्क सिद्ध करण्यासाठी त्या वेळी धावपळ करावी लागते. बहिणीचा हिस्सा वेळेवर नोंदवणे हे शरियतचे फर्मान आहेच. संकटात तेच घराला आधार देते.

पत्नीचे दागिने आणि मेहेर

मेहेर म्हणून पत्नीला दिलेले दागिने आणि तिला माहेरहून मिळालेले दागिने तिच्या मालकीचे आहेत. पतीच्या कर्जाला ते लागू नाहीत. निकाहनामा, सोनाराची पावती ही त्याची साक्ष. न दिलेला मेहेर हे पतीवरचे कर्जच आहे. अर्जातील धनकोंच्या यादीत पत्नीचेही नाव लिहावे.

मात्र संकट दिसू लागल्यावर घर घाईने पत्नीच्या किंवा भावाच्या नावे हिबा करणे यासारखा दुसरा घातक सल्ला नाही. मोबदल्याशिवाय केलेले असे हस्तांतरण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला आणि त्यावर नादार ठरवले गेले, तर ते रद्द होऊ शकते. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप देऊन केलेली फेडही रद्द होऊ शकते. मालमत्ता लपवणे हा गुन्हा असून त्याला कैदेची शिक्षा आहे.

वह्या आणि सह्या

अर्जात सर्व मालमत्ता लिहायची असते, सूट असलेलीसुद्धा. हिशेबाच्या वह्या मात्र रिसीव्हरला द्याव्याच लागतात. नादारीपूर्वीच्या तीन वर्षांत नीट हिशेब ठेवला नसेल, ऐपत संपल्याचे ठाऊक असूनही धंदा चालू ठेवला असेल किंवा उधळपट्टी अथवा जुगार केला असेल, तर पूर्ण मुक्तता नाकारली जाते. मालमत्ता देण्याच्या निम्मी, म्हणजे रुपयाला आठ आणेही, भरत नसेल तर आपला दोष नव्हता हे पटवून द्यावे लागते. मुक्तता मिळेपर्यंत जे नवीन कमावले जाईल त्यावरही रिसीव्हरचा हक्क पोहोचतो आणि नादार असल्याचे न सांगता पन्नास रुपयांची उधारी घेणे हाही गुन्हा ठरतो.

कर्जाच्या कागदावर ‘कायद्याची सूट मी सोडत आहे’ असे लिहून घेतले असले तरी घाबरू नये. कलम 60 मधील सूट सोडून देण्याचा करार रद्दबातल आहे. केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता आले नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. बिनपरवाना सावकाराने घर किंवा जमीन लिहून घेतली असेल, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. कर्जदाराची मुक्तता झाली तरी जामीनदार सुटत नाही. आमच्या सुतारभाईंच्या पतसंस्थेच्या कागदावर ज्या दोघांनी सह्या केल्या, त्यांच्या दारात 3 लाखांची नोटीस जाणारच. म्हणून अर्जापूर्वी त्यांना विश्वासात घेणे हा अमानतीचा भाग आहे.

शरियत काय सांगते?

सूरह बकराच्या 280 व्या आयतीत तंगीत सापडलेल्या कर्जदाराला सवड देण्याचा आदेश आहे आणि कर्ज माफ करणे अधिक चांगले म्हटले आहे. 282 व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. फळांच्या सौद्यात बुडालेल्या एका माणसाची हकीकत सहीह मुस्लिममध्ये आहे. लोकांनी सदका देऊनही त्याचे कर्ज फिटेना. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धनकोंना सांगितले की जे सापडेल ते घ्या, याहून अधिक तुम्हाला मिळणार नाही. दिवाळे निघालेल्याचे राहते घर विकावे की नाही यावर फुकहांमध्ये मतभेद आहे. परंतु अंगावरचे कपडेही काढून घ्यावेत असे कोणी म्हटलेले नाही. जकातीच्या आठ मदांमध्ये कर्जात बुडालेले लोकही आहेत, हे जमातींनी रमजानच्या वाटपात विसरू नये.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. न्यायालयाने मुक्त केले म्हणजे अल्लाहजवळचा हिशेब मिटला असे नाही. धनकोने माफ केले नसेल तर हातात पैसा येताच देणे फेडावे. हत्यारे वाचवायची ती याचसाठी.

आमची विनंती एवढीच. ज्यांच्यावर बोजा वाढत आहे त्यांनी याच आठवड्यात तीन याद्या कराव्यात : देणे किती आणि कोणाचे, मालमत्ता कोणती आणि त्यातील तारण काय, घरातील वस्तूंपैकी कोणती कोणाच्या मालकीची. प्रथम धनकोंना एकत्र बसवून हप्त्यांची बोलणी करावीत. ती फसली तरच या याद्या घेऊन वकिलाकडे जावे, तेही हत्यारे विकण्याआधी. अल्लाह आपणा सर्वांना कर्जाच्या ओझ्यातून सोडवो आणि हलाल रोजीत बरकत देवो.