मुलांना वळण कसे लागेल?

हल्लीची मुले ऐकत नाहीत, मोठ्यांना उलट बोलतात, पाहुणे आले तरी हातातला मोबाईल खाली ठेवीत नाहीत, ही तक्रार आम्ही गावोगावच्या सप्ताहात ऐकतो. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण कीर्तन आटोपले की हीच तक्रार सांगणारी माणसे बरोबरच्या पोराची मान धरून त्याला पुढे ढकलतात, ‘पड महाराजांच्या पाया!’ पोरगे पडते बिचारे. त्यात ते नमस्कार शिकले की धक्का शिकले, हे बापाने एकदा पाहावे.

वारकरी बंधुभगिनींनो, आपल्याकडे नमस्काराची रीत काय आहे? दोन माळकरी भेटले की दोघेही वाकतात. आधी कोणी वाकायचे हे वयाने ठरत नाही, जातीने ठरत नाही, आणि पैशाने तर मुळीच नाही. दिंडीत सत्तर वर्षांचा म्हातारा दहा वर्षांच्या टाळकऱ्याच्या पायाला हात लावतो. त्या वेळी त्या पोराचे तोंड पाहावे! ते ओशाळते, दोन पावले मागे सरते, आणि मग आपणहून म्हाताऱ्याच्या पायांवर डोके ठेवते. कोणी डोळे वटारलेले नसतात की मान धरलेली नसते. आधी त्याला मान मिळाला, म्हणून तो कसा द्यायचा हे त्याला कळले.

पंढरीहून परतल्यावर मात्र पताका आढ्याला खोचावी तशी ही रीतही आपण खोचून ठेवतो. जेवणे झाली की मुलीने ताटे उचलायची आणि मुलाने हात धुऊन ओट्यावर जाऊन बसायचे. कामाला आलेल्या गड्याचा कप कोनाड्यात वेगळा. फोन आला की ‘निघालोच, फाट्यावर आहे’ असे सांगायचे, आणि अंगात अजून सदरा नाही! मूल जवळच बसलेले असते. त्याला हे कोणी मुद्दाम शिकवीत नाही, तरी ते सगळे पाठ होते. संध्याकाळी आपण त्यालाच सत्यावर चार गोष्टी सांगतो. ते ऐकत नाही म्हणतात. अहो, ते फारच नीट ऐकते!

माउलींच्या पालखी सोहळ्यातली समाज आरती पुष्कळांनी पाहिली असेल. मुक्कामाच्या तळावर दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदारांनी दंड वर केला की सगळा तळ शांत होतो. मग हरवले-सापडले पुकारतात. कोणाची पिशवी सापडलेली असते, कोणाचे आणखी काही. सापडलेली वस्तू परत करायची असते, हे समजायला तिथे उभ्या असलेल्या मुलाला वेगळा पाठ लागत नाही. पण आम्हाला याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ थांबत नाहीत. तिला कोणी ‘गप्प बसा’ म्हणून दटावीत नाही. तिच्याकडे जाऊन तक्रार विचारतात, तिचे ऐकून घेतात, मग तिचे टाळ थांबतात. एवढ्या अफाट जमावाला जी शिस्त सांभाळता येते, ती चार माणसांच्या घरात का सांभाळता येऊ नये? रडणाऱ्या, हट्ट करणाऱ्या मुलाचे टाळ का वाजताहेत, हे विचारण्याआधीच आपला हात उठतो.

शाळेकडे पाहू. शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो, प्रतिज्ञा म्हणतात. थोरांचा मान राखण्याचे वचन त्या प्रतिज्ञेत आहे, तसेच प्रत्येकाशी सौजन्याने वागण्याचेही आहे. पहिले आपण पोरांना शंभरदा ऐकवतो, दुसरे मोठ्यांनाही लागू आहे हे विसरतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई केली. तरी ‘गुरुजी, हवा तेवढा झोडा’ असे सांगणारे बाप आहेतच. छडीच्या भीतीने गप्प बसलेला वर्ग आणि दंड वर होताच शांत झालेला तळ यांत फार अंतर आहे. तळावर कोणाला माराचे भय नसते.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तेव्हा छात्रालयही सांभाळीत. मुलांच्या खोल्या स्वतः झाडून काढीत, त्यांचे पसरलेले सामान नीट लावून ठेवीत. मुले लाजत, आणि पुढे स्वतःच आवरू लागत. हेच गुरुजी मे १९४७ मध्ये विठुरायाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले, आणि दार उघडले. त्या दारातून आपण आज आत जातो, आणि घरी कोनाड्यात वेगळा कप ठेवतो. मुलाने त्याचे कारण विचारले, तर काय सांगणार?

फार लांबचे काही करायचे नाही. हरिपाठ झाल्यावर घरातल्यांनी एकमेकांच्या पाया पडावे, मोठ्यांनी लहानांच्यासुद्धा. आजोबा आधी वाकले तर उत्तमच. मग दहा मिनिटे मुलाला विचारावे, ‘तुझी काही तक्रार आहे का रे?’ आणि मध्ये न बोलता ऐकावे. जेवल्यावर बापाने आपले ताट आपण उचलावे. येत्या वारीला मूल बरोबर असेल तर एका मुक्कामी समाज आरतीला त्याला न्यावे. गर्दीत त्याला नुसत्या पाठी दिसतील, म्हणून खांद्यावर घ्यावे. कोणत्या दिंडीचे टाळ अजून वाजताहेत ते त्यालाच शोधू द्यावे.