चुकांवर चालणारं पोट

माझं पोट लोकांच्या चुकांवर चालतं. काळोख्या खोलीत कुणालातरी बसवायचं, हेडफोनमधून दोन ‘टक’ ऐकवायचे आणि सांगायचं, या दोन आवाजांमध्ये जितका वेळ गेला तितकाच वेळ आता हे बटण दाबून धरा. नेमका तितकाच वेळ कुणीही धरत नाही. कोण किती चुकलं, कुठल्या बाजूला चुकलं, तीच चूक पुन्हा केली की नवी, हे आम्ही नोंदतो. मग मेंदूत काय चालू असेल तर माणूस नेमका असाच चुकेल, ते समीकरणांत मांडतो आणि संगणकावर चालवून पाहतो. या उद्योगाला कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स म्हणतात. पुण्यात फिजिक्समध्ये एमएस्सी, मग परदेशात पीएचडी आणि पोस्टडॉक, आता परत भारतात, असा माझा रस्ता. दरवर्षी जूनच्या आसपास ‘यात यावं का?’ असं विचारणाऱ्या मुलामुलींच्या मेल्स येतात. तेच ते उत्तर लिहून कंटाळले, म्हणून हे एकदाच.

१. चूक पुसू नका, तिचा आकार बघा

कार्ल फॉन व्हिएरॉर्ट या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाचं काळाच्या जाणिवेवरचं पुस्तक १८६८ साली आलं. त्यानं नोंदवलेली गोष्ट आजही प्रत्येक नव्या बॅचच्या डेटात उगवते: छोटा अवधी माणूस थोडा लांबवतो, मोठा अवधी थोडा आखडतो. सगळं मधोमध ओढलं जातं. मेंदूचा ढिसाळपणा म्हणून हे सोडून देता आलं असतं.

मेहरदाद जझायेरी आणि मायकेल शॅडलन यांनी ते सोडलं नाही. २०१० साली छापलेल्या त्यांच्या प्रयोगात अवधी तीन पट्ट्यांतून निवडले होते: ४९४ ते ८४७ मिलिसेकंद, ६७१ ते १०२३ आणि ८४७ ते १२००. गंमत ८४७ मध्ये आहे. पहिल्या पट्टीत तो सगळ्यांत मोठा, तिसरीत सगळ्यांत छोटा. अवधी तोच, पण पहिल्या पट्टीत लोक तो आखडून दाखवतात आणि तिसरीत ताणून. म्हणजे ‘आत्ता किती वेळ गेला’ एवढ्यावर मेंदू विसंबत नाही. ‘इथे साधारण किती वेळाचं येतं’ हेही तो हिशेबात धरतो. अवधी जितका मोठा तितकं आपलं मोजमाप कमी भरवशाचं, म्हणून तिथे सरासरीकडे कल जास्त. प्रत्येक खेपेला थोडं एका बाजूला झुकायचं आणि एकूण नुकसान कमी ठेवायचं, असा हा सौदा आहे. दीडशे वर्षं जिला दोष म्हणत आलो ती हिशेबी वागणूक निघाली.

डेटा हातात आल्याबरोबर सरासरी काढायला धावणारा विद्यार्थी म्हणून मला नको असतो. आधी एकेक खेप ठिपका म्हणून काढ. ठिपक्यांकडे दोन दिवस नुसतं बघ.

२. आधी यंत्राची चूक मोजा, मग माणसाची

साधा ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. प्रोग्रॅममध्ये तुम्ही २० मिलिसेकंद लिहा नाहीतर २५, पडदा त्याच्या पावलांनीच चालणार. साधा कीबोर्ड बटण दाबल्याची खबर उशिरा देतो, आणि तो उशीर दर वेळी सारखा नसतो. ब्लूटूथ हेडफोनबद्दल तर बोलायलाच नको. आमच्याकडे नवा आलेला पोरगा किंवा पोरगी पहिले काही दिवस माणसाला हातच लावत नाही. पडद्यावर फोटोडायोड चिकटवायचा, ऑसिलोस्कोप जोडायचा आणि आपला संगणक किती खोटं बोलतो त्याचा तक्ता करायचा. कंटाळवाणं काम आहे. मेंदूवर काम करायला आलो आणि वायरी जोडतोय, अशी कुरकुर होते. पण दहा मिलिसेकंदांच्या फरकावर सिद्धांत मांडणाऱ्यानं ते दहा मिलिसेकंद कुणाचे, हे आधी सांगायला हवं.

३. हाताने गणित करायची सवय मोडू नका

हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या जाड मज्जातंतूवरून विद्युत् संदेशाची समीकरणं मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा मोठ्या फेरफारांसाठी बंद होता, म्हणून हक्सलींनी ब्रुन्सविगा नावाच्या यंत्राचा दांडा हातानं फिरवून ती सोडवली. काही मिलिसेकंदांत घडणाऱ्या गोष्टीसाठी त्यांना आठवडे लागले. दांडा फिरवा असं मी म्हणत नाही. पण कोणती संज्ञा वाढली की उत्तर कुठे सरकेल, हे संगणक सुरू करण्याआधी कागदावर सांगता आलं पाहिजे.

४. दोन मॉडेलं जिथे भांडतात, तिथे प्रयोग करा

पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक, पाणी थेंबाथेंबानं आत येणार, वाटी भरून बुडाली की घटका संपली. १९६३ मध्ये ट्रीझमन यांनी आणि १९८४ मध्ये गिबन, चर्च, मेक या त्रयीनं मेंदूतल्या घड्याळाची जी कल्पना मांडली ती थेट याच जातीची: कुणीतरी ठोके टाकतंय, कुणीतरी ते साठवतंय, साठा ठरावीक उंचीला आला की वेळ झाली. कल्पना देखणी आहे आणि पुरावाही मिळाला होता. अमेरिकेतले हडसन होगलंड यांची बायको तापानं फणफणली होती. ते औषध आणायला गेले आणि लवकरच परतले, तरी ‘किती वेळ लावलास’ म्हणून ती वैतागली. बायकोची समजूत काढायची सोडून या गृहस्थांनी तिला सेकंदाला एक या गतीनं साठपर्यंत मोजायला लावलं. ताप जितका जास्त, तितकी मोजणी जलद. १९३३ मध्ये पेपर आला. लेखक एकटे होगलंड.

मीही या घड्याळावर काम करूनच या विषयात आले. अडचण एवढीच की मेंदूत ती वाटी कुणाला सापडलेली नाही. उंदीर थांबून वाट पाहत असतो तेव्हा त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी एकामागून एक, ठरावीक क्षणी चेततात. हॉवर्ड आयकेनबॉम यांच्या गटानं २०११ मध्ये त्यांना ‘टाइम सेल्स’ म्हटलं. डीन बुओनोमानो गेली कित्येक वर्षं सांगताहेत की वेगळं घड्याळ लागतच नाही, पेशींच्या जाळ्याची बदलत जाणारी अवस्थाच वेळ सांगते. २०१८ मध्ये जझायेरींच्या गटाला माकडांच्या मेंदूत दिसलं की अवधी मोठा असेल तेव्हा पेशींच्या हालचालीचा तोच आराखडा ताणला जातो. या तीनही कल्पना आणि जुनी वाटी, चौघांनाही माझा बटण दाबायचा डेटा कमीअधिक व्यवस्थित बसवता येतो. आलेख जुळला म्हणून आनंदानं उड्या मारणाऱ्या सेमिनारला मी हल्ली मागच्या रांगेत बसते.

प्रयोग कसा असावा याचं माझं आवडतं उदाहरण एका पक्ष्याचं आहे. झेब्रा फिंचच्या गाण्याची लय मेंदूच्या कुठल्या भागात ठरते? मायकेल लाँग आणि मिशेल फी यांनी एकेक भाग थोडासा थंड केला. एचव्हीसी नावाचा भाग थंड केल्यावर अख्खं गाणं एकसारखं संथ झालं. त्याच्या पुढचा, स्नायूंकडे हुकूम पाठवणारा भाग थंड करून तसं झालं नाही. २००८ मधलं हे काम. होगलंडबाईंच्या तापाचीच उलटी बाजू, पण इथे प्रश्न असा विचारला होता की दोन उत्तरांपैकी एकच खरं ठरणार. आपल्या मॉडेलला एवढंच विचारा: तू कुठे चुकशील, जिथे शेजारचं चुकणार नाही?

५. ‘मोजू नका’ सांगितलं म्हणून लोक थांबत नाहीत

अवधी दुप्पट केला की चुकांचा पसाराही साधारण दुप्पट होतो. गिबन यांनी १९७७ मध्ये यावरच आपला सिद्धांत उभारला. एकदा एका मुलाचा डेटा आला आणि हा पसारा फारच कमी निघाला. यंत्र तपासलं, ठीक होतं. मुलाला विचारलं, मनात आकडे मोजत होतास का? “नाही मॅडम, नुसता तीनताल धरला होता.” सांगलीला लहानपणापासून तबला शिकलेला.

हिशेब सरळ आहे. मोठा अवधी सोळा समान मात्रांत तोडला, प्रत्येक मात्रेची चूक आपापली, दुसरीशी संबंध नसलेली असली, तर एकूण पसारा सोळाच्या वर्गमुळानं, म्हणजे चार पटींनी उतरतो. अतिविलंबित ख्यालात ठेक्याच्या मात्रांमधली जागा तबलजी बारीक बोलांनी भरतो, त्याला नुसती सजावट म्हणणाऱ्यांनी हे गणित करून बघावं. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर ‘संगीत शिकला आहात का’ हा प्रश्न आहे, आणि त्या मुलासारख्यांचा डेटा आम्ही बाजूला न टाकता वेगळा बघतो.

६. चूक त्या क्षणी झाली की आठवताना?

अपघात होताना सगळं संथ झालं, असं सांगणारे तुम्हाला घरोघरी भेटतील. डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना ३१ मीटर उंचीवरून जाळ्यात पाठमोरं सोडलं आणि मनगटावर झपाट्यानं लुकलुकणारे आकडे दिले. काळ खरंच संथ झाला असता तर एरवी न वाचता येणारे आकडे वाचता आले असते. आले नाहीत. पण आपलं पडणं किती वेळ चाललं हे नंतर आठवून दाखवताना लोकांनी ते दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा सुमारे ३६ टक्के लांबवलं. लांब झाली ती आठवण.

मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूशास्त्रज्ञ १९६२ मध्ये घड्याळाविना दोन महिने गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट होता. हे सेकंदांचं घड्याळ बिघडल्यामुळे, की सारखे सारखे दिवस आठवणीत एकमेकांवर चढल्यामुळे? दोन्ही गोष्टींना ‘काळाची जाणीव’ म्हणतात आणि त्यातून निम्मे वाद जन्मतात. पेपर वाचताना पहिल्यांदा पद्धतीचा भाग उघडा. माणसाला काय करायला सांगितलं होतं ते तिथे असतं.

७. ‘म्हणजे डोक्याची डॉक्टर ना?’

आत्या अजून विचारते, आणि अर्धशिशीवर औषधही मागते. तिला उत्तर देणं सोपं आहे. निवड समित्यांना अवघड गेलं. एका ठिकाणी ‘हे फिजिक्स नाही’ म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी मानसशास्त्राच्या लोकांनी समीकरणं बघून पुढची स्लाइड लावायला सांगितली. दोघांचंही अगदीच चूक नव्हतं. या विषयाला आजचं नाव मिळालं तेच १९८५ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या कार्मेलला एरिक श्वार्ट्झ यांनी भरवलेल्या परिषदेतून.

आता परिस्थिती बरी आहे. पुण्याचं आयसर, बेंगळुरूचं एनसीबीएस, आयआयएससीचं न्यूरोसायन्स केंद्र, मानेसरचं एनबीआरसी, इथे मेंदूचं गणित करणारी माणसं आहेत. उपिंदर भल्ला यांच्या गटाचं ‘मूस’ हे सॉफ्टवेअर तर कुणालाही मोफत उतरवून घेता येतं. बीएस्सीच्या मुलानं घरच्या लॅपटॉपवर सुरुवात करावी.

संस्थेचं नाव बघून गाइड निवडू नका. त्या प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा, निकाल अपेक्षेविरुद्ध आला तर सर काय करतात? ‘पुन्हा करायला लावतात’ हे उत्तर चांगलंही असू शकतं आणि भयंकरही. तो ते कोणत्या चेहऱ्यानं सांगतो ते बघा. आणि पोस्टडॉकची वर्षं लांबतात, त्याच काळात घरी आईवडील म्हातारे होत असतात. याचं मॉडेल कुणाकडे नाही.

८. बिनचूक मॉडेलचा उपयोग नाही

हल्ली अर्जात सगळे न्यूरल नेटवर्कची अचूकता लिहून पाठवतात. वेळ अचूक मोजायला शंभर रुपयांचं मनगटी घड्याळ मेंदूपेक्षा कितीतरी सरस आहे. मला हवं आहे माणसासारखं चुकणारं यंत्र. २०१९ मध्ये ससेक्सच्या वॉरिक रोझबूम आणि सहकाऱ्यांनी चित्रं ओळखायला शिकवलेल्या नेटवर्कला व्हिडिओ दाखवले आणि आतल्या हालचालीत किती ठळक बदल होतात एवढंच मोजलं. आत घड्याळ नव्हतं. तरी गजबजलेल्या रस्त्यांचे व्हिडिओ त्याला लांब वाटले आणि ऑफिसात बसल्याचे आखूड, माणसांना वाटतात तसेच. असं काही करून आणा, मुलाखत तासभर चालेल.

९. पेशंट आले की घड्याळ त्यांचं

मालापानी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांना ८ आणि २१ सेकंदांचे अवधी शिकवले. डोपामिनचं औषध थांबवलेलं असताना छोटा अवधी लांबला आणि मोठा आखडला. व्हिएरॉर्टच्याच वळणाची ओढ, पण खूपच जोरदार. असे प्रयोग करायचे तर माणसं रात्रीचा डोस टाळून येतात. त्यांचं अंग आखडलेलं असतं, हात थरथरत असतात, आणि तरी ‘माझं बरोबर आलं का?’ असं प्रत्येक जण विचारतो. बरोबर-चूक असं काही नसतं, हे त्यांना आधीच नीट समजावून सांगा. फॉर्मवर छापलंय म्हणून भागत नाही. नैतिकता समितीची परवानगी आणि न्यूरॉलॉजिस्ट हजर असणं तर हवंच. त्यांना सकाळची पहिली वेळ द्या. लिफ्ट चालू आहे का ते आदल्या दिवशी बघून ठेवा. प्रयोग संपला की आधी औषध, मग चहा, कप अर्धाच भरलेला. प्रवासखर्चाच्या पावतीवरची सही सगळ्यांत शेवटी.