पाठीतली कळ आणि महाधमनी

पाठीत अचानक कळ आली की आमच्या भागात दोन निदानं तयारच असतात: उसण भरली, नाहीतर गॅस धरला. माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या बाबतीतही तेच झालं. वसमत तालुक्यातलं आमचं गाव; हळद शिजवण्याचे दिवस. कुकरजवळ उभे असलेले अण्णा एकाएकी खाली बसले. दोन्ही खवाट्यांच्या मधोमध कळ उठली होती. "आतून कोणीतरी फाडतंय," एवढंच ते बोलले आणि घामानं निथळले. कुणी पाठ चोळायला घेतली, कुणी लिंबू-सोडा आणला. घटकाभरात तीच कळ कमरेकडे उतरली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो ठीक होता, पण वरचं बीपी दोनशेच्या पुढे. त्यांनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं. मनगटातली, मानेतली, जांघेतली नाडी चाचपली. मग वहिनीला विचारलं, "दुखणं हळूहळू वाढलं की एकदम?" वहिनी म्हणाली, "एका झटक्यात, साहेब. अन् आता ते खाली सरकलंय." हे ऐकताच त्यांनी 108 ची गाडी बोलावून अण्णांना नांदेडला पाठवलं. तिथं सीटी अँजिओग्राफीत दिसलं की महाधमनीचं आतलं अस्तर फाटलं आहे. वहिनीच्या त्या दोन वाक्यांनी निदानाची दिशा ठरली होती. म्हणूनच या आजाराची ओळख सगळ्यांनी करून घ्यावी, असं मला कळकळीनं वाटतं.

हृदयाच्या वरच्या भागात मोठ्या रक्तवाहिन्यांची दाटी असते. डोकं आणि हातांकडून आलेलं रक्त वरची महाशिरा आणते, पोट आणि पायांकडचं खालची महाशिरा. दोन्ही उजव्या अलिंदात उघडतात. तिथून उजव्या निलयात, मग फुफ्फुसधमनीतून रक्त फुफ्फुसांत जातं. शुद्ध झालेलं रक्त साधारण चार फुफ्फुसशिरांवाटे डाव्या अलिंदात परततं आणि डावं निलय ते जोरानं महाधमनीत ढकलतं. ही शरीरातली सर्वांत मोठी धमनी. छातीत तिची रुंदी सुमारे 3 सेंटीमीटर.

महाधमनीचा मार्ग नीट समजून घ्या, कारण दुखणं त्याच मार्गानं सरकतं. हृदयातून निघताच तिला पहिल्या शाखा फुटतात त्या हृदयाच्या स्वतःच्या धमन्या. हार्ट अटॅक येतो तो यांच्यात अडथळा आल्यावर. मग ती वर चढते आणि कमानीसारखी मागे वळते. या कमानीतून तीन मोठ्या शाखा डोकं आणि हातांकडे जातात. पुढे ती पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते, पोटात शिरते आणि बेंबीच्या आसपासच्या पातळीवर दोन्ही पायांसाठी दुभंगते. म्हणून डॉक्टर छातीच्या दुखण्यात जांघेतली नाडी पाहतात. एखाद्या शाखेचं तोंड दबलं, तर तिथली नाडी मंदावते.

तिच्या भिंतीला तीन थर असतात. सतत चढलेल्या बीपीनं आतला थर एखाद्या ठिकाणी फाटला, की रक्त त्या फटीतून मधल्या थरात घुसतं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी राहणाऱ्यांना हे लगेच उमगेल: अस्तराला तडा गेला की पाणी मागे शिरतं आणि पुढचं अस्तरही सुटत जातं.

तडा वर चढणाऱ्या भागात असेल तर रक्त हृदयाभोवतीच्या आवरणात साचून हृदय दाबलं जातं, किंवा मेंदूकडची वाट बंद होऊन लकवा होतो. तिथं तातडीची शस्त्रक्रिया लागते. उपचार नसतील तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका 1 ते 2 टक्क्यांनी वाढतो, असं वैद्यकशास्त्र मानतं. अण्णांचा तडा कमानीच्या पुढे, खाली उतरणाऱ्या भागात होता. अशा वेळी गुंतागुंत नसेल तर अतिदक्षता विभागात औषधांनी बीपी आणि नाडीचा वेग उतरवतात. अण्णा त्यावरच सावरले.

हा आजार ओळखणं तज्ज्ञांनाही सोपं नसतं. महाधमनीच्या या आजारावरची शस्त्रक्रिया ज्यांनी विकसित केली, त्या अमेरिकेच्या डॉ. मायकेल डीबेकींना 31 डिसेंबर 2005 रोजी हाच आजार झाला. त्यांनाही आधी हार्ट अटॅक वाटला. फेब्रुवारी 2006 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी, त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते 2008 पर्यंत जगले.

आता कामाच्या गोष्टी सांगतो.

छातीत किंवा पाठीत अचानक तीव्र कळ आली तर चोळू नका, रुग्णाला चालवू नका, मोटरसायकलवर बसवू नका. 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा मोफत आहे. डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगा: कळ कोणत्या क्षणी सुरू झाली, कुठे उठली, आणि कुठे सरकली. सोबत चक्कर, बोलण्यात अडखळणं किंवा हातापायात बधिरपणा असेल तर तेही सांगा.

ईसीजी ठीक आला म्हणून घरी परतण्याची घाई करू नका. दोन्ही हातांचं बीपी पाहिलंत का, सीटी लागेल का, हे आदरानं विचारा. हार्ट अटॅक या आजाराहून कितीतरी जास्त आढळतो, त्यामुळे डॉक्टरांनी सुचवलेले उपचार नाकारू नका. पण रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन हार्ट अटॅकमध्ये जीव वाचवतं आणि फाटलेल्या महाधमनीत जीवावर उठू शकतं. म्हणून दुखण्याचं नेमकं वर्णन फार मोलाचं आहे.

चालू गोळ्यांची पाकिटं, जुने कागद, आधार आणि रेशन कार्ड एका पिशवीत तयार ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ही कागदपत्रं लागतात.

घरात कुणी महाधमनीच्या आजारानं किंवा तरुणपणी अचानक गेलं असेल, तर जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना तसं सांगून तपासणी करून घ्यावी. फार उंच, लांब बोटांच्या व्यक्तींमध्ये कधी कधी जन्मतःच या भिंती कमकुवत असतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं. अण्णांना बीपीची गोळी सुरू होती. "आता डोकं दुखत नाही" म्हणून त्यांनी ती सोडली होती. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा काहीच दुखू देत नाही. ते मोजल्याशिवाय कळत नाही. तिशी ओलांडलेल्यांनी गावच्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून घ्यावं, तंबाखू आणि गुटखा सोडावा. गोळी बदलायची किंवा कमी करायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

अण्णा आता हळदीची पोती उचलत नाहीत, ठरलेल्या वेळी सीटी करून घेतात आणि रोज सकाळी गोळी घेतात. तुमच्या घरात कुणी बरं वाटतंय म्हणून गोळी थांबवली असेल, तर त्यांना आजच सोबत घेऊन जा आणि बीपी मोजा.