लायका आणि तुपाची वाटी

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. आता मॉस्कोची ऐका. तिथल्या रस्त्यावरची लायका नावाची कुत्री रशियन शास्त्रज्ञांनी ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुतनिक-२ यानातून अंतराळात धाडली. परत आणण्याची सोयच नव्हती. उष्णता वाढून काही तासांतच ती गेली. हे जगाला कळलं २००२ साली! उड्डाणाआधी डॉ. याझदोव्हस्कींनी तिला घरी नेऊन मुलांशी खेळू दिलं होतं. म्हणजे माया होती. पण नामदेवराय कुत्र्यासाठी धावले. इथे कुत्री माणसासाठी मेली. त्याच कामातले गाझेन्को १९९८ साली म्हणाले, तिचं मरण योग्य ठरावं इतकं ज्ञान मिळालं नाही. मला विचाराल तर, मिळालं असतं तरी हिशेब जुळला नसता. तिला कुणी विचारलंच नव्हतं.