परसातील पाचोळा आणि जमिनीतील ओल

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. ऑक्टोबरनंतर पुढील मे महिन्यापर्यंत जमिनीला पावसाचा आधार जवळजवळ नसतो. शिवाय डोंगरउतारावरील जांभ्याची जमीन पाणी फार काळ धरून ठेवीत नाही. त्यामुळे पावसाळ्यात चिंब भिजलेल्या परसातील आळ्यांत मार्च महिन्यात धूळ उडू लागते आणि विहिरीचे पाणी खाली जात असतानाच झाडांची पाण्याची गरज वाढते. नेमक्या याच सुमारास झाडांखालचा पातेरा झाडून जाळण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसून येते. ज्या पाचोळ्याने जमिनीतील ओल राखावयाची, तोच आपण ओल सरत असताना अग्नीच्या स्वाधीन करतो.

आच्छादनाचे कार्य

पालापाचोळा, पेंढा, झावळ्या, नारळाची सोडणे इत्यादी पदार्थांचा थर झाडाभोवतीच्या मातीवर पसरणे यास आच्छादन म्हणतात. उघड्या जमिनीवरील पाणी ऊन व वारा यांमुळे वाफ होऊन उडते. खालचे पाणी, दिव्याच्या वातीतून तेल चढावे त्याप्रमाणे, मातीच्या सूक्ष्म रंध्रांतून वर येते आणि तेही नाहीसे होते. आच्छादनामुळे मातीवर थेट ऊन पडत नाही व वारा लागत नाही. साहजिकच ही हानी मंदावते. माती कमी तापते, उजेड न मिळाल्याने तण कमी उगवते आणि थर कुजू लागला म्हणजे गांडुळांना अन्न व जमिनीला सेंद्रिय द्रव्य मिळते. पावसाळ्यात हाच थर थेंबांचा मारा स्वतःवर झेलतो व वरची सुपीक माती वाहून जाऊ देत नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. आच्छादन ओल निर्माण करीत नाही; असलेली ओल राखते. म्हणून ते मार्चमध्ये नव्हे, तर पाऊस ओसरताच, ऑक्टोबर महिन्यात, जमीन ओली असतानाच घालावे. उशीर झाल्यास प्रथम भरपूर पाणी द्यावे आणि मगच थर पसरावा.

कोणते साहित्य वापरावे?

आंबा, फणस व काजू यांचा पाचोळा, भाताचा पेंढा, माडाच्या व पोफळीच्या झावळ्यांचे तुकडे आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला हे सर्व उपयुक्त होय. काजूची पाने सावकाश कुजत असल्याने अधिक काळ टिकतात, तर गिरिपुष्पाचा पाला लवकर कुजून जमिनीला नत्र देतो. रानमोडी फुलावर येण्यापूर्वी कापून वापरावी. बी धरलेले तण आच्छादनास घेऊ नये. पेंढ्यासारखे साहित्य कुजताना मातीतील नत्र काही काळ अडकून राहते. यास्तव आधी कुजलेले शेणखत घालून त्यावर पेंढा पसरावा.

पद्धत

१. भाजीपाला : वांगी, मिरची इत्यादींची रोपे लावून ती जीव धरू लागल्यावर ओळींमधून ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. बियांच्या वाफ्यावर पातळ पेंढा घालावा व अंकुर दिसताच तो काढून घ्यावा.

२. माड : बुंध्याभोवती सुमारे २ मीटर त्रिज्येच्या आळ्यात नारळाची सोडणे पाठ वर करून मांडावीत. सोडणे उपलब्ध नसल्यास पाल्याचा १० सेंटिमीटर थर द्यावा.

३. आले : लागवड होताच गादीवाफे हिरव्या पाल्याने झाकावेत आणि पुढे साधारणतः ४० व ९० दिवसांनी पुन्हा पाला घालावा. त्यामुळे जूनच्या मुसळधार पावसात वाफ्यांची माती ढासळत नाही.

घ्यावयाची काळजी

थर खोडास किंवा बुंध्यास भिडवू नये. रोपांभोवती चार बोटे व झाडांभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, अन्यथा साल सतत ओली राहून कुजण्याचा संभव असतो. कोरड्या हंगामात वाळवी लागते काय हे अधूनमधून थर उचलून पाहावे. पाणी वरवर शिंपडल्यास केवळ पाचोळाच भिजतो. म्हणून थर बाजूला सारून मुळांशी, कमी वेळा परंतु पुरेसे पाणी द्यावे. उतारावर पाचोळा वाहून जाऊ नये यासाठी त्यावर झावळ्या आडव्या टाकाव्यात. उन्हाळ्यात वाळलेल्या थराजवळ विस्तव नेऊ नये.

शाळेच्या बागेतील प्रयोग

शिक्षकांनी जानेवारीत प्रत्येकी १ चौरस मीटरचे दोन वाफे करून दोन्हींत मिरचीची सारखीच रोपे लावावीत. एका वाफ्यावर पाचोळा पसरावा, दुसरा उघडा ठेवावा. दोन्हींना दर तिसऱ्या दिवशी मोजून सारखे पाणी द्यावे. पाणी देण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी बोटभर खोलीची माती मुठीत दाबून तिचा गोळा होतो की भुगा, हे वहीत नोंदवावे. दर आठवड्यास उपटलेले तण मोजावे व रोपांची उंची लिहून ठेवावी. दोन महिन्यांच्या नोंदी पालकांच्या सभेत वाचून दाखविल्यास त्याचा परिणाम व्याख्यानाहून अधिक होईल.

या कामी खर्च जवळजवळ नाही. लागतात ते थोडे श्रम आणि वेळेचे भान. ऑक्टोबरपासून प्रत्येक घराने आपल्या परसातील पातेरा आळ्यांत पसरावा. अंगण तर स्वच्छ होईलच, पण मे महिन्यात जेव्हा घागरभर पाण्यालाही मोल येते, तेव्हा ते पाणी झाडास अधिक दिवस पुरेल.